प्रदूषणाची किंमत कोणाच्या खिशातून?

सांडपाणी तसंच नदीत सोडणाऱ्याचा खर्च वाचतो आणि तो खालच्या गावांच्या माथी पडतो. हा खर्च प्रदूषकाकडूनच वसूल करण्याचे काही मार्ग :

■ शुल्क : जर्मनीत १९७६चा कायदा, १९८१पासून आकारणी. सांडपाण्यातल्या घातक घटकांवरून ‘हानी-एककं’ मोजतात. २००२पासून दर एककाला ३५.७९ युरो. शुद्धीकरणाचे निकष पाळणाऱ्याला सवलत.

■ हक्कांची खरेदी-विक्री : ऑस्ट्रेलियातल्या हंटर नदीत खाणी आणि वीजकेंद्रांना खारं पाणी सोडण्यासाठी एकूण १,००० हक्क ठरवलेले आहेत. ते आपसांत विकता येतात. नदीला पाणी कमी असताना मात्र खारं पाणी सोडायला पूर्ण मनाई.

■ उपकर : भारतात १९७७च्या कायद्याने उद्योग आणि स्थानिक संस्थांवर लागू. आकारणी पाण्याच्या वापरावर होती, सांडपाण्यातल्या घाणीवर नव्हे. २०१७मध्ये जीएसटी आल्यावर रद्द.

■ भरपाई : तमिळनाडूतल्या चर्मोद्योगांनी पालार नदीचं खोरं नासवलं. त्याबद्दलच्या खटल्यात १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजावी’ हे तत्त्व लागू केलं.

कळीचा मुद्दा : शुल्क शुद्धीकरणाच्या खर्चापेक्षा कमी असेल, तर पैसे भरून घाण सोडणंच परवडतं. म्हणून दर चढा हवा आणि मोजणी चोख हवी.