खेळात शिरलेला सिनेमा

संगणकाच्या खेळात माणूस शिरतो, ही कल्पना पडद्यावर ठसठशीतपणे आली ती 1982 साली, डिस्नेच्या 'ट्रॉन'मध्ये. त्यात संगणकाने काढलेली दृश्यं होती जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची. तेव्हाचं यंत्र हलतं चित्र आपोआप देत नसे. प्रत्येक चौकटीत कोणती वस्तू कुठे आहे आणि किती वळली आहे, याचे आकडे माणसं बसून भरत. तरीही काळ्या अंधारात उजेडाच्या भिंती मागे सोडत धावणाऱ्या त्यातल्या मोटारसायकली आजही नजर खिळवून ठेवतात. बुलडाणा जिल्ह्यात त्या वर्षी कितीतरी गावांनी टीव्हीसुद्धा पाहिला नव्हता. आमच्या पिढीला 'ट्रॉन' भेटला तो फार उशिरा, कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणून दिला तेव्हा.

आमच्याकडे आधी खेळ आला, त्यावरचे सिनेमे मागाहून. नव्वदच्या दशकात खामगाव, मलकापूर, चिखली अशा बाजारपेठेच्या गावांत टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम दिसू लागले. कॅसेटवर छापलेलं असे '9999 इन वन', आणि आत तेच पाच-सहा खेळ नाव बदलून फिरत राहायचे. कॅसेट लागली नाही की बाहेर काढायची, तळाशी फुंकर मारायची, परत दाबून बसवायची. 'कॉन्ट्रा' दोघांनी मिळून खेळायचा, आणि बाकीची पोट्टी मागे बसून ओरडायची. शेवटच्या राक्षसाशी गाठ पडली की नेमकी लाइन जायची. झालेला खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. लाइन आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि त्याचं कुणाला फार वाईटही वाटत नसे, कारण पुन्हा खेळायला मिळत होतं.

परदेशी चमत्कार मोठ्या पडद्यावर, समजेल अशा भाषेत आणला तो स्टीव्हन स्पीलबर्गने. त्याचा 'जुरासिक पार्क' 1994 साली हिंदीत डब होऊन आला आणि छोट्या गावांच्या टॉकीजपर्यंत पोचला. त्याआधी इंग्रजी सिनेमा म्हणजे मोठ्या शहरांची गोष्ट होती. पुढे 'मॅट्रिक्स' आला. मग 2011च्या दिवाळीत आपल्याकडचा 'रा.वन' आला, ज्यात खेळातला खलनायक खेळ सोडून बाहेर पडतो. कथा विस्कटलेली होती, पण मुंबईच्या सीएसटीत घुसणाऱ्या लोकलचं दृश्य जबरदस्त जमलं होतं. त्या सिनेमाला स्पेशल इफेक्ट्सचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

या सगळ्या वाटेचा कळस म्हणजे मार्च 2018मध्ये आलेला स्पीलबर्गचाच 'रेडी प्लेअर वन'. अर्नेस्ट क्लाइनच्या 2011च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. साल 2045. अमेरिकेतल्या कोलंबस शहरात लोखंडी सांगाड्यांवर एकावर एक रचलेल्या ट्रेलर-घरांची वस्ती आहे. तिथे राहणारा वेड नावाचा अनाथ मुलगा डोळ्यांवर चष्मा चढवतो आणि 'ओअ‍ॅसिस' नावाच्या आभासी दुनियेत शिरतो. ही दुनिया उभारणारा हॅलिडे मरताना तिच्यात तीन किल्ल्या लपवून गेला आहे. ज्याला त्या मिळतील, त्याची ती दुनिया.

पहिली शर्यत मी कितीही वेळा बघू शकतो. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर शेकडो गाड्या सुटतात, मधेच डायनासोर आडवा येतो, आणि शेवटच्या टप्प्यावर किंग काँग कुणालाच पलीकडे जाऊ देत नाही. मग हॅलिडेच्या जुन्या आठवणी धुंडाळताना वेडला उमगतं की गाडी उलटी पळवायची. सगळे पुढे झेपावतात आणि तो रिव्हर्स टाकतो. रस्ता उघडतो, गाडी खाली उतरते, आणि ज्या शर्यतीने आतापर्यंत सगळ्यांना चिरडलं तीच शर्यत तो तिच्या पोटातून, तळाकडून बघत जातो. डोक्यावर काँग थयथयाट करतोय आणि खाली हा एकटाच शांतपणे चाललाय. इतकी कल्पक दृश्यरचना मी फार थोड्या सिनेमांत पाहिली आहे. इफेक्ट्ससाठी या सिनेमाला ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार मात्र 'फर्स्ट मॅन'ला गेला. मला तो निकाल आजही पटत नाही.

शेवटची कसोटी आणखी मोलाची आहे. अटारीचा 'ॲडव्हेंचर' हा जुना खेळ वेडसमोर येतो. तेव्हा कंपनी खेळ बनवणाऱ्यांची नावं देत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेटने आपलं नाव त्याच खेळातल्या एका गुप्त खोलीत लपवून ठेवलं होतं. ही गोष्ट खरी आहे. वेड जिंकायची घाई करत नाही. तो नुसता भटकतो, एक न दिसणारा ठिपका शोधतो आणि ते नाव गाठतो. कॅसेटला फुंकर मारून पुन्हा पहिल्यापासून खेळणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

त्याच मार्च 2018मध्ये पबजी मोबाइलवर आला. जिओमुळे डेटा स्वस्त झालेलाच होता. घाटावर काय आणि घाटाखाली काय, पारापारावर पोरं मान खाली घालून एकत्र खेळू लागली. तोवर वाईट काही नव्हतं. वाईट झालं ते खेळात पैसे लावायला लावणारी ॲप घुसली तेव्हा. 'रेडी प्लेअर वन'मध्ये एक कंपनी कर्जदारांना कोठडीत बसवते, डोक्यावर हेल्मेट चढवते आणि खेळातच वेठबिगारी करून घेते. नायिकेच्या बापाचा जीव त्यातच गेलेला असतो. कर्ज म्हणजे काय हे ज्या कापूस-सोयाबीनच्या मुलखाला सांगायला नको, तिथल्या प्रेक्षकाला ते दृश्य भविष्यातलं वाटत नाही. संसदेने ऑगस्ट 2025मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो आधीच व्हायला हवा होता.

त्या झगमगाटामागे राबणारे हात आता आपल्याकडेही आहेत. मुंबईच्या प्राइम फोकसने 2010च्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स'चं थ्रीडी रूपांतर केलं होतं. एका सेकंदाच्या चोवीस चौकटी, आणि प्रत्येकीत माणसाची कड नीट सोडवून काढायची, असं ते चिकाटीचं काम असतं. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनाही ते जमेल, फक्त असं काम असतं हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

म्हणून शिक्षकांना आणि गावच्या मंडळांना एक विनंती. या सुट्टीत शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावा, रीतसर परवानगी घ्या, खिडक्या झाका आणि मोठ्या मुलांना 'रेडी प्लेअर वन' हिंदीतून दाखवा. मधल्या भुताटकीच्या हॉटेलात लहानगी घाबरतील, त्यांना घरी ठेवा. बाकी कुणी मोबाइलवर बघतो म्हणाला, तर त्याला हाताला धरून हॉलमध्ये आणा.