निष्ठावंतांची कुरकुर

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आधी रंग उडाला. मग गेलेले दिवे तसेच राहू लागले. १७ जुलै १९५५ रोजी वॉल्ट डिस्नेने उघडलेल्या या उद्यानाचा लौकिक जितका राइडवर, तितकाच निगराणीवर उभा होता. रस्ते रोज रात्री धुतले जात, खाली पडलेला कागद लगेच उचलला जाई. त्यामुळे दुसरीकडे कुणाला खटकलेही नसते असे पोपडे इथे डोळ्यांत भरत. उद्यानाचे त्या वेळचे अध्यक्ष पॉल प्रेसलर डिस्नेच्या दुकानांच्या साखळीतून आलेले. विक्री वाढवायची आणि खर्च आवळायचा, हा त्यांचा पिंड. १९९८मध्ये पाणबुड्यांची जुनी राइड बंद झाली. त्याच वर्षी वाजतगाजत सुरू झालेली ‘रॉकेट रॉड्स’ सतत बिघडत राहिली आणि दोन-अडीच वर्षांत कायमची थांबली.

वार्षिक पासवाले चिडले, त्यांनी पत्रं लिहिली, जाहीर टीका केली. आणि येत राहिले. गर्दी होतीच, त्यामुळे हिशेबाच्या वहीत सगळं आलबेल दिसत असणार.

हे कोडं अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७०च्या आपल्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या पुस्तकात मांडून ठेवलं आहे. दर्जा घसरला की गिऱ्हाइकापुढे दोन वाटा असतात : निघून जाणं किंवा बोलणं. निष्ठा असेल तर माणूस जाणं लांबवतो आणि बोलत राहतो. हिर्शमन यांना हे सुचलं नायजेरियातल्या रेल्वेवरून. मालवाहू ट्रकचा पर्याय आला तेव्हा चोखंदळ गिऱ्हाइकं मुकाट तिकडे वळली, म्हणजे जे भांडले असते तेच गेले आणि रेल्वे सुधारलीच नाही. डिस्नेलँडच्या निष्ठावंतांना असा ट्रक नव्हता. ज्या राइडमध्ये आपण आजोबांच्या मांडीवर बसलो, तिला पर्याय कुठून आणणार?

पण बोलणं ऐकणारा कुणी हवा. ५ सप्टेंबर २००३ रोजी ‘बिग थंडर’ या राइडची गाडी रुळांवरून घसरली. बावीस वर्षांचा एक तरुण दगावला, दहाजण जखमी झाले. सरकारी तपासात देखभालीतली हयगय आणि कर्मचाऱ्यांचं अपुरं प्रशिक्षण पुढे आलं. प्रेसलर त्याआधीच, २००२मध्ये, कंपनी सोडून गेले होते. नवे अध्यक्ष मॅट विमेट यांनी २००५च्या सुवर्णमहोत्सवाचं निमित्त साधून रंगरंगोटी आणि दुरुस्तीचा सपाटा लावला. निष्ठावंत वर्षानुवर्षं जे सांगत होते, त्यासाठी एक जीव जावा लागला हे मला विसरता येत नाही.

त्याच आवाराशेजारी उलटा प्रयोगही झाला. ८ फेब्रुवारी २००१ रोजी ‘कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर’ हे नवं उद्यान उघडलं. हात आखडता घेऊन बांधलेलं, राइड कमी, दुकानं आणि खाणावळी भरपूर. इथे कुणाच्या आठवणी गुंतलेल्या नव्हत्या, त्यामुळे नाराजांना धरून ठेवणारं काही नव्हतं. लोक अपेक्षेइतके आलेच नाहीत. पुढे १.१ अब्ज डॉलर ओतून ते नव्याने उभारलं. २०१२मध्ये त्यात ‘कार्स लँड’ हा विभाग सुरू झाला आणि वर्षाची पाहुणेसंख्या अंदाजे ६३ लाखांवरून ७७ लाखांवर गेली.

मग निष्ठावंत जातो तरी कधी? माझं मत असं, की पोपड्यांपेक्षा अपमान त्याला लवकर बाहेर काढतो. ‘सिक्स फ्लॅग्स’ या अमेरिकी साखळीने २०२२मध्ये दर वाढवले आणि स्वस्त सीझन पासची खिरापत बंद केली. गर्दी कमी झाली की राहिलेल्यांचा अनुभव सुधारेल, हा हिशेब. त्या वेळचे मुख्याधिकारी सलीम बसूल यांनी आपली उद्यानं म्हणजे किशोरवयीनांची पाळणाघरं झाल्याचंही बोलून दाखवलं. पाहुणे एका वर्षात २ कोटी ७७ लाखांवरून २ कोटी ५ लाखांवर आले. इथे दर्जा घसरण्याचा प्रश्न नव्हता, उलट तो वाढवण्याचा दावा होता. फक्त नेहमीच्या माणसाला तू नकोस असं ऐकू गेलं.

डिस्नेलँडनेही पासवाल्यांना असंच दुखावून पाहिलं. २०२१मध्ये जुने वार्षिक पास रद्द करून १,३९९ डॉलरचा ‘ड्रीम की’ आणला. तो कुठल्याच दिवशी बंद नसेल असं सांगितलं, पण प्रत्यक्षात आगाऊ आरक्षण मिळेना. पासधारक कोर्टात गेले आणि ९५ लाख डॉलरची तडजोड झाली. कोर्टात जाणं हेही बोलणंच. १९९९मध्ये फुकट दिलेली रांग टाळायची सोय आता विकत घ्यावी लागते, गर्दीच्या दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या वर गेलं आहे, तरी उद्यान भरलेलं असतं. दर्जा हा पाहुणेसंख्येचा एकमेव कर्ता नाही. मुलं मोठी होतात, मंदी येते, साथ येते.

आपल्याकडे पासवाल्यांची अशी जमात तयारच झाली नाही. १९८९मध्ये गोराईला सुरू झालेलं एस्सेलवर्ल्ड करोनाकाळात बंद पडलं. २०१३चं खोपोलीचं इमॅजिका कर्जात रुतलं आणि २०२२मध्ये मालपाणी समूहाकडे गेलं. आपला पाहुणा येतो तो शाळेच्या सहलीतून किंवा मे महिन्यात एकदा. तो नाराज झाला तर परतीच्या बसमध्ये बोलतो, काउंटरवर नाही. तेव्हा पुढच्या सहलीत पट्टा सैल असलेला पाळणा किंवा घाण स्वच्छतागृह दिसलं, तर तिथल्या व्यवस्थापकाला लेखी तक्रार द्या, आणि पोच मागून घ्या.