गंजाखालचा नंबर

"समोरनं नको रे, आडवी धर. लोखंडाला घासून गेली पाहिजे तिरीप."

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये विटांच्या थरावर एका जीपची नुसती चासी ठेवली आहे. इंजिन ओंडक्यांवर, बॉडी भिंतीला टेकलेली, चाकं बाहेर झाडाखाली. मिस्त्री चासीच्या पुढच्या डाव्या अंगाला गुडघे टेकून बसलेत. त्यांच्या हातात ग्राइंडर नाही, जुना टूथब्रश आहे. शेजारी डिझेलची वाटी. टॉर्च धरलेला पोरगा मनगट वळवतो, उजेड आडवा होतो, आणि खवले धरलेल्या तपकिरी लोखंडात अचानक एक सावली उठते. आधी एक चांदणी, तिच्यामागे जी. मग पी. मिस्त्री ब्रश खाली ठेवतात आणि म्हणतात, "फोर्डची हाय. बास, आता हिला आज कुणी हात लावायचा न्हाई."

त्या दिवशी त्या शेडमध्ये आणखी काहीही काम झालं नाही. मला त्यात वेळ वाया गेल्यासारखं वाटलं नाही. जुनी गाडी उभी करणाऱ्यांच्या तोंडी रंग, क्रोम, इंजिनाचा आवाज यांच्या गोष्टी फार असतात. पण गाडी म्हणजे नक्की कोणती वस्तू, असा प्रश्न आरटीओत कुणी विचारला, तर उत्तर त्या बोटभर लांबीच्या ओळीत असतं. बॉडी नवी मिळते. फिलिपिन्समध्ये युद्धकाळच्या जीपच्या बॉड्या आजही घडवतात, आणि आपल्याकडे हरियाणातल्या मंडी डबवालीत जीप बांधून देणाऱ्यांचा मोठा बाजार आहे. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. नंबर ठोकलेला लोखंडाचा तुकडा तेवढा बदलता येत नाही.

जीपच्या नंबराची कथा दोन कारखान्यांची आहे. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात विलीज-ओव्हरलँड कंपनीनं १९४१ च्या अखेरीपासून 'एमबी' जीप बनवायला घेतली. सैन्याची मागणी एका कंपनीला पुरी होईना, म्हणून तोच आराखडा फोर्डला दिला गेला आणि १९४२ पासून 'जीपीडब्ल्यू' बाहेर पडू लागली. जी म्हणजे गव्हर्नमेंट, पी म्हणजे ८० इंची व्हीलबेस दाखवणारं फोर्डचं अक्षर, डब्ल्यू म्हणजे विलीजचा आराखडा. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या काढल्या. एकीचा सुटा भाग दुसरीला बसावा, हीच सैन्याची अट होती. त्यामुळे आज एकाच जीपमध्ये दोन्ही घरचं सामान सापडतं.

नंबर लावण्याची रीत मात्र दोघांची निराळी. फोर्डनं चासीच्या डाव्या दांडीच्या माथ्यावर थेट लोखंडात पंच मारला, दोन्ही टोकांना चांदणी देऊन. इंजिनावर जो नंबर, तोच चासीवर. विलीजनं नंबर एका छोट्या धातूच्या पट्टीवर उठवला आणि ती पट्टी डाव्या दांडीच्या आतल्या अंगाला, बंपरच्या जरा मागे, रिव्हेटनं ठोकली. विलीजमध्ये इंजिनाचा नंबर आणि चासीचा नंबर जुळतीलच असं नसतं. म्हणून 'नंबर जुळत नाहीत, गाडी बनावट आहे' असं विलीजच्या मालकाला सांगणारा माणूस अर्धवट माहितीवर बोलत असतो.

ऐंशी वर्षांनंतर या दोन रितींतला फरक फार मोठा होऊन बसला आहे. लोखंडात खोदलेला नंबर गंजतो, झिजतो, पण जागा सोडत नाही. पट्टी मात्र रिव्हेट कुजला की पडते, आणि पडली नाही तर कुणीतरी काढतो.

ती मी काढू दिली होती. माझी पहिली जीप विलीजची. चासीला रंग नीट बसावा म्हणून गॅरेजवाल्यानं विचारलं, "पट्टी काढू का? नंतर परत लावतो." मी हो म्हणालो. रिव्हेट छिन्नीनं उडवले, पट्टी नटबोल्टांच्या डब्यात टाकली, आणि पावसाळ्यात शेड आवरताना तो डबा भंगारात गेला. आरसी बुकात नंबर होता, गाडीवर नव्हता. बाजारात तशीच पट्टी नवी मिळते, अंक हवे ते ठोकून. ती लावायची का, हा मोह माझ्यासमोर काही महिने उभा होता. नाही लावली. ती गाडी आजही शेडमध्ये आहे. पण खोटी पट्टी लावून ती रस्त्यावर काढली असती, तर तिच्यावर माझा जीव जडला नसता हे मला ठाऊक आहे.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. जुनी गाडी दिसली की पैशांची बोलणी करायच्या आधी आरसी बुक आणि लोखंड शेजारी-शेजारी ठेवायचं. हातानं लिहिलेल्या नोंदवहीतून आरसीत आणि आरसीतून संगणकात नंबर उतरताना एखादा अंक हमखास पाय घसरून पडतो. ३ चा ८ होतो, १ चा ७ होतो. मी पाहिलेल्या एका आरसीत चासीच्या रकान्यात इंजिनाचा नंबर होता. हा घोळ गाडी सुटी करण्याआधी मिटवायचा असतो. रंगून चकचकीत झालेल्या गाडीवर तो निघाला, तर तपासणाऱ्या साहेबाला संशय येणारच, आणि त्याचा संशय रास्तच असतो.

आता गंज काढण्याकडे येतो, कारण सगळी नासाडी इथेच होते. ग्राइंडर, वाळूचा फवारा आणि बाथरूम साफ करायचं ॲसिड या तिन्हींनी चासी झकास साफ होते आणि नंबर मरतो. पंचाचा अंक फार खोल नसतो. वाळू त्याच्या कडा गोल करते, ॲसिड कडाच खातं. म्हणून ब्लास्टिंगला चासी पाठवण्याआधी नंबराच्या जागेवर जाड रबराचा तुकडा बांधायचा, वर टेपचे चार वेढे द्यायचे, आणि त्यावर ठळक अक्षरांत 'इथे मारू नका' असं लिहायचं. तोंडी सांगून भागत नाही. सांगितलेला माणूस एक असतो आणि नळी धरणारा दुसरा.

नंबराच्या जागेचा गंज हातानंच काढायचा. आधी डिझेलनं वंगण आणि माती सोडवायची, मग पितळी तारांचा ब्रश. पितळ लोखंडापेक्षा मऊ, ते गंज ओढतं पण अंक ओरबाडत नाही. खवले फारच घट्ट असतील तर आमच्या जिल्ह्यात एक औषध स्वस्तात मिळतं: साखर कारखान्याची मळी. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी, त्यात गंजकं लोखंड आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवलं की गंज सुटून येतो आणि खालचं चांगलं लोखंड जवळपास शाबूत राहतं. परदेशातले जुन्या गाड्यांचे शौकीनही हेच करतात. चासी पिंपात मावत नाही, म्हणून मिस्त्रींनी मळीत भिजवलेलं गोणपाट नंबराभोवती गुंडाळलं, वर प्लास्टिक बांधलं आणि रोज संध्याकाळी त्यावर वाटीभर मळीचं पाणी सोडलं. दुर्गंधी सुटते, मुंग्या येतात. अकराव्या दिवशी गोणपाट सोडलं तेव्हा दांडी करड्या रंगाची झाली होती आणि चांदण्या दोन्ही टोकांना दिसत होत्या. मधला एक अंक मात्र तळाशी तुटका होता: ६ म्हणावा की ०, कळेना. खडू चोळला, पुसला. खाचेत राहिलेल्या पांढऱ्या रेघेला वरचं टोक निघालं. ६. मग इंजिनाकडे गेलो, तेलाच्या फिल्टरमागच्या उंचवट्यावर तोच नंबर शोधला. तिथेही ६. फोर्डची रीत इथे अशी कामाला आली.

अशा वाचनात चूक पकडणारं दुसरं काही नसतं. अमेरिकेत १९८१ पासूनच्या गाड्यांना सतरा अक्षरांचा ठरावीक नंबर आला, आणि पुढे तीच रचना आपल्याकडच्या गाड्यांवरही रुळली. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. उत्तर अमेरिकेतल्या नंबरात नववं अक्षर हिशोबाचं असतं. बाकीच्या प्रत्येक अक्षराला ठरलेल्या आकड्यानं गुणायचं, बेरजेला अकरानं भागायचं, उरलेली बाकी तिथे लिहिलेली असते, आणि बाकी १० आली तर एक्स. एक अक्षर चुकलं की बहुतेक वेळा हिशोब बोंबलतो. १९४३ च्या जीपला असलं कवच नाही. तिचा नंबर चुकला तर तो निमूट चुकीचाच राहतो. म्हणून इथे डोळ्यात तेल घालून बघावं लागतं.

नंबर वाचता येतच नसेल तर? पंचाचा घाव बसतो तेव्हा अंकाच्या खालचं लोखंडही दाबलं जातं. वरचा थर घासून सपाट केला तरी तो दाब आत उरतो. तांब्याचं क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं मिश्रण त्यावर फिरवलं की दाबलेलं लोखंड शेजारच्या लोखंडापेक्षा वेगळ्या गतीनं झिजतं आणि गेलेला अंक थोडा वेळ उमटतो. चोरीच्या गाड्यांचे घासलेले नंबर न्यायवैद्यक प्रयोगशाळा असेच वाचतात. मुंबईत कलिन्याला अशी राज्याची प्रयोगशाळा आहे. हे काम गॅरेजमध्ये करून बघू नये. मिश्रण एकदा चुकलं की उरलासुरला पुरावाही धुऊन जातो. शिवाय गंज त्या दाबलेल्या थराच्याही खाली गेला असेल तर कोणतंच रसायन काही आणून देत नाही.

आणि तिथेच ती वाट सुरू होते जिच्याबद्दल मला राग आहे. एका मेलेल्या चासीचा नंबराचा तुकडा कापायचा, दुसऱ्या चासीत वेल्ड करायचा, वर लांबी भरून रंग मारायचा. 'तुकडा तर खराच आहे' असं समर्थन मी ऐकलं आहे. तुकडा खरा असतो, गाडी खोटी होते. जाणकाराला हे दिसतंही. विलीजच्या चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, फोर्डचा चौकोनी. गोल दांड्याच्या चासीवर चांदणीवाला जीपीडब्ल्यू नंबर दिसला की पुढचं बोलायला नको. नव्यानं ठोकलेले अंकही ओळखू येतात: कारखान्याच्या पंचाचं वळण निराळं, अंतर निराळं, आणि बाजूचं लोखंड जुनं असताना खाचेचा तळ तेवढा लखलखीत.

दांडी नंबराच्या आसपासच कुजली असेल तर प्रामाणिक रस्ता लांबचा आहे, पण आहे. कापण्याआधी फोटो, पेन्सिलचा छाप आणि आरटीओला अर्ज. मोटार वाहन निरीक्षकानं जुना नंबर लोखंडावर आपल्या डोळ्यांनी बघायचा, नंतर जे काही ठोकायचं ते त्या कार्यालयाच्या लेखी परवानगीनं आणि कागदावर नोंद होऊन. तोवर हातोडी खुंटीला. शक्य तिथे आम्ही कुजका भाग नंबरापासून लांब कापतो आणि जोड अलीकडे-पलीकडे देतो, नंबराचा तुकडा त्याच्या मूळ जागीच ठेवून.

जुलै २०२१ पासून केंद्राच्या नियमांत ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकींसाठी वेगळी नोंदणी आली आहे. नव्यानं नोंदवलेल्या गाडीच्या नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. गाडी मूळ रूपात असावी, चासी आणि इंजिनात मोठा फेरबदल नसावा, अशी अट आहे. मला ती अट आवडते. तिच्यामुळे गंजकी खरी दांडी चकचकीत खोट्या दांडीपेक्षा मोलाची ठरते.

उद्यमनगरातली जीप आता फिकट हिरव्या रंगात उभी आहे. चासीला दोन हात प्रायमर, दोन हात रंग. नंबरावर फक्त एक पातळ हात, अंक बुजू नयेत म्हणून, आणि त्यावर ग्रीसचं बोट. तपासणीच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी ते ग्रीस फडक्यानं पुसलं, पतंगाचा कागद दांडीवर ताणून धरला आणि पोराच्या हातात पेन्सिल दिली. "टोकानं नको, आडवी. हलक्या हातानं." पोरानं जीभ दातांत धरून पेन्सिल फिरवली. काळ्या पट्ट्यात पांढरी चांदणी आली, मग तीन अक्षरं, मग अंक एकेक करून. तुटक्या ६ पाशी त्याचा हात थांबला. त्यानं मिस्त्रींकडे पाहिलं.

"हाय तसाच येऊ दे," मिस्त्री म्हणाले.