दिनदर्शिकेतील बदल आणि मराठ्यांच्या इतिहासाची कालनिश्चिती

इतिहासलेखनात कालनिश्चितीला मूलभूत महत्त्व आहे. मात्र ज्या दिनदर्शिकेनुसार दिनांक नोंदविला गेला, ती विचारात न घेतल्यास साधनांचा चुकीचा अर्थ लावला जाण्याचा संभव असतो.

ज्युलियन वर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. साचलेला फरक काढण्यासाठी पोप तेरावे ग्रेगरी यांच्या आदेशाने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर धरण्यात आला. पोर्तुगालने हा बदल लगेच स्वीकारला. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत जुनीच गणना ठेवली. तेथे कायदेशीर वर्षारंभही २५ मार्चला होत असे. तो १ जानेवारीला आणल्यामुळे १७५१ हे वर्ष अवघ्या २८२ दिवसांचे ठरले, तर १७५२ च्या सप्टेंबरमधून ११ दिवस वगळले गेले.

सतराव्या शतकात दोन्ही गणनांत १० दिवसांचे अंतर होते. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, शनिवार या दिवशी झाला. ६ जून १६७४ हा त्याचा रूढ दिनांक ज्युलियन आहे. ग्रेगोरियन गणनेने तोच शनिवार १६ जूनला येतो. त्यामुळे इंग्रज वखारीचे पत्र आणि गोव्यातील पोर्तुगीज पत्र यांतील १० दिवसांची तफावत हा साधनांमधील विसंवाद ठरत नाही. जानेवारी ते २४ मार्च या काळातील इंग्रजी पत्रांवर तर मागील वर्षाचा आकडाही आढळू शकतो.

सारांश, दिनांकासोबत त्याची गणनापद्धती नमूद करणे आणि तिथी व वार यांच्या आधारे तो पडताळणे संशोधकासाठी अनिवार्य ठरते.