अमेरिकेला आपली खरंच गरज आहे का?

दिवाळीच्या फराळाला सगळे आमच्याकडे जमलो होतो. माझी भाची यंदा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि तिला एमएससाठी अमेरिकेला जायचं आहे. माझ्या मेव्हण्यांनी त्यासाठी घराच्या कागदांवर कर्ज काढायची तयारी केली आहे. बोलता बोलता भाची म्हणाली, "मामा, एक खरं सांग. तिकडच्या कंपन्या म्हणतात, आम्हाला माणसं मिळत नाहीत. तिकडचं सरकार म्हणतं, एका माणसाच्या व्हिसासाठी एक लाख डॉलर भरा. मग त्यांना आमची गरज आहे की नाही?"

त्या दिवशी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. हैदराबादच्या मराठी घरांपैकी किती घरांत आज हाच प्रश्न जेवणाच्या टेबलावर असेल! मी स्वतः आठ वर्षं त्या व्हिसावर काढली आहेत. म्हणून जे मला समजलं ते इथे लिहितो.

लॉटरीचं गणित

एच-१बी हा व्हिसा १९९०च्या कायद्याने आला. वर्षाला ६५,००० जागा, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २००४च्या कायद्याने वाढवलेल्या आणखी २०,०००. विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्था या मर्यादेबाहेर आहेत. मुदत तीन वर्षं, वाढवून सहा. अर्ज माणूस करत नाही, त्याची कंपनी करते. अर्ज जागांपेक्षा खूप जास्त येतात, म्हणून निवड लॉटरीने होते. मिळालेल्या व्हिसांपैकी सुमारे ७० टक्के भारतीयांचे असतात.

आर्थिक वर्ष २०२४च्या लॉटरीसाठी सुमारे ७ लाख ८० हजार नोंदण्या झाल्या. आकडा पाहून कुणालाही वाटेल, केवढी ही माणसांची टंचाई! पण त्यातल्या निम्म्याहून अधिक नोंदण्या एकाच माणसाच्या नावाने अनेक कंपन्यांनी केलेल्या होत्या. नोंदणीला तेव्हा फक्त १० डॉलर लागत. पुढच्या वर्षी 'एक माणूस, एकच संधी' असा नियम झाला आणि आकडा एकदम ४ लाख ८० हजारांवर आला. म्हणजे 'गरज' म्हणून जी दिसत होती, तिच्यात हवाही बरीच होती.

ज्याने मला काम शिकवलं

मी गेलो २००१ साली. तेव्हा मर्यादा तात्पुरती १,९५,००० केलेली होती. अमीरपेटच्या एका क्लासमध्ये कोबोल शिकलो होतो. हैदराबादला तेव्हा अमेरिकेचं वाणिज्य दूतावास नव्हतं, मुलाखतीला चेन्नईला जावं लागे. जाण्याआधी आईने चिलकूरच्या बालाजीला अकरा प्रदक्षिणा घालायला लावल्या. व्हिसा मिळाल्यावर नवसाच्या एकशे आठ घातल्या.

तिसऱ्या वर्षी मला एका विमा कंपनीत पाठवलं. तिथे पन्नाशी ओलांडलेला एक अमेरिकी सहकारी होता. पंचवीस वर्षं तो तीच प्रणाली सांभाळत होता. त्याने मला तीन महिने रोज शेजारी बसवून काम शिकवलं. कुठला प्रोग्राम रात्री अडकतो, कुठली फाइल कधी हात लावायची नाही, सगळं. ज्या शुक्रवारी शिकवणं संपलं, त्याच शुक्रवारी त्याची नोकरी संपली. हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला दुसऱ्या महिन्यात कळलं. जाताना त्याने टेबलावरचं कॅलेंडर मला दिलं आणि म्हणाला, महिनाअखेरच्या तारखा लाल केल्या आहेत, विसरू नकोस.

तिथे माझ्या कौशल्याची गरज होती का? कौशल्य त्याच्याकडे होतं. माझ्याकडे कमी पगार होता.

हे माझ्या एकट्यापुरतं नाही. २०१५ साली फ्लोरिडात डिस्नेच्या अडीचशेच्या आसपास कर्मचाऱ्यांच्या बाबतीत अशीच बातमी आली आणि अमेरिकेत गदारोळ झाला. अनेकांना वाटतं, कंपनीला आधी स्थानिक माणूस शोधून न मिळाल्याचं दाखवावं लागत असेल. बहुतेक कंपन्यांना तशी सक्ती नाही. ज्यांच्याकडे एच-१बीवाल्यांचं प्रमाण फार मोठं आहे, त्यांना आहे. पण माणसाला वर्षाला ६०,००० डॉलर दिले की तीही सुटते. हा आकडा १९९८ साली ठरला आणि तसाच राहिला. पगाराच्या चार पातळ्या आहेत, त्यातल्या खालच्या दोन त्या भागातल्या मधल्या पगाराहून कमी. २०१९ साली मंजूर झालेल्या जागांपैकी सुमारे ६० टक्के या खालच्या दोन पातळ्यांवर होत्या.

आजोबांची बाजू

हे मी माझ्या आजोबांना कधी सांगू शकलो नाही, कारण ते त्या सहकाऱ्याच्या बाजूचे होते.

आजोबा परभणीहून हैदराबादला आले. मराठवाडा निजामाच्याच राज्यात, त्यामुळे ते 'मुल्की'. उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून शिकले आणि सरकारी खात्यात लागले. १९४८ नंतर कारभार इंग्रजीत गेला. इंग्रजी जाणणारे लोक हवेत म्हणून मद्रास आणि मुंबईकडून माणसं आणली. आजोबांच्या डोक्यावर त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान साहेब आला. १९५२ साली मुल्की आंदोलन पेटलं, सिटी कॉलेजजवळ गोळीबार झाला. आजोबा मोर्च्यात गेले नाहीत, पण त्यांचं म्हणणं मी लहानपणी अनेकदा ऐकलं आहे: "इंग्रजी येणारा माणूस लागत होता, ते खरं. पण आम्हाला सहा महिने शिकवलं असतं, तर आम्हालाही आलं असतं."

आजोबा मुल्की होते, नातू अमेरिकेत गैरमुल्की झाला. दोन्ही बाजू एकाच घरात असल्यामुळे मला कुठलीच एक बाजू पूर्ण खोटी म्हणता येत नाही.

मग गरज आहे की नाही?

कारण दुसरीकडे खरी गरजही आहे. अमेरिकी विद्यापीठांत संगणकशास्त्र आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर वर्गांत निम्म्याहून जास्त विद्यार्थी परदेशी असतात. तीच मुलं पुढे चिप बनवतात, प्रयोगशाळा चालवतात. १९८० ते १९९८ या काळात सिलिकॉन व्हॅलीत निघालेल्या तंत्रज्ञान कंपन्यांपैकी जवळजवळ पाव कंपन्या भारतीय आणि चिनी इंजिनिअर चालवत होते, हे ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९९ साली दाखवून दिलं. बेगमपेटच्या हैदराबाद पब्लिक स्कूलमध्ये शिकलेले सत्या नडेला तर पत्नीला लवकर तिकडे नेता यावं म्हणून हातातलं ग्रीन कार्ड परत करून एच-१बीवर आले होते. 'हिट रिफ्रेश'मध्ये त्यांनीच ते सांगितलं आहे.

अभ्यासही दोन्हीकडे बोट दाखवतात. लॉटरी जिंकलेल्या आणि हरलेल्या कंपन्यांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात असं दिसलं, की जादा व्हिसा मिळून पेटंट फारशी वाढली नाहीत, आणि आलेल्या माणसामुळे दुसरी माणसं कमी घेतली गेली. उलट ब्रिटा ग्लेनन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं, की व्हिसा आवळले तेव्हा मोठ्या कंपन्यांनी ती कामं भारत, चीन आणि कॅनडाला हलवली. माधापूर-गच्चीबावलीच्या इमारतींत बसून तेच काम करणारी मुलं आपण रोज पाहतो.

माझं मत असं झालं आहे, की 'गरज' या एका शब्दात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. एक गरज असते कौशल्याची. दुसरी असते सोडून जाऊ न शकणाऱ्या माणसाची. व्हिसा कंपनीच्या हातात, नोकरी गेली तर दुसरी शोधायला ६० दिवस. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००, त्यात एका देशाला साधारण ७ टक्के. भारतीयांची रांग कुटुंबीय धरून दहा लाखांच्या वर. मी पगारवाढ मागितली तेव्हा मॅनेजर एवढंच म्हणाला, "तुझी फाइल आपल्याकडेच आहे ना?" माझी बायको एमएस्सी, इथे शाळेत शिकवायची. २०१५ आधी एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला त्या व्हिसावर कामच करता येत नसे. ती सहा वर्षं घरात बसून होती. २००९ साली आम्ही परत आलो, त्यामागचं मोठं कारण ती होती.

भाचीला काय सांगितलं

परवा भाचीला फोन केला. तिला सांगितलं, सप्टेंबर २०२५ची एक लाख डॉलरची अट नव्याने बाहेरून येणाऱ्यांसाठी आहे. तिथेच शिकून तिथल्या तिथे व्हिसा बदलणाऱ्यांना ती लागत नाही, असा खुलासा ऑक्टोबरात झाला. पण नियम बदलत राहतात. लॉटरीत जास्त पगाराच्या जागांना जास्त संधी देण्याचा नियमही आला आहे. म्हणून नुसती डिग्री नको, एखाद्या विषयात खोल जा. कर्ज एवढंच काढा, की उद्या परत यावं लागलं तर हैदराबादच्या पगारावर फिटेल. नोकरी घेताना पगाराआधी विचार, ग्रीन कार्डचा अर्ज कधी करणार आणि नोकरी बदलली तर काय. आणि तिथे कुणी शेजारी बसवून काम शिकवत असेल, तर त्याचं पुढे काय होणार आहे, तेही विचार.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, त्या माणसाचं पुढे काय झालं?"

मला माहीत नव्हतं. मी त्याला कधी पत्रही लिहिलं नाही. तसं तिला सांगितलं.

रात्री तिचा मेसेज आला. यादीतली सगळ्यात महागडी दोन विद्यापीठं तिने खोडली आहेत, आणि उरलेल्यांत कुठल्या प्राध्यापकाकडे कसलं काम चालतं ते पाहते आहे. मेव्हण्यांनीही बँकेतून घराचे कागद तूर्त परत आणले आहेत.