चार शेपट्या आणि खुळखुळा

क्रिएटोनोटस गँगिस हा टायगर मॉथ गटातला पतंग भारतापासून आग्नेय आशियामार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला आहे. १७६३ मध्ये लिनियसने त्याचे वर्णन केले. पंख पसरले की तो सुमारे चार सेंटिमीटर भरतो. पुढचे पंख गुलाबीसर तपकिरी, त्यांवर काळे पट्टे; पोट लाल किंवा पिवळे, त्यावर काळे ठिपके. तो दिव्याकडे ओढला जातो. मुंबईतल्या चारकोपसारख्या, इमारती संपताच खाडी आणि खारफुटी सुरू होणाऱ्या वस्तीत पावसाळ्यात जिन्यातल्या दिव्यांवर नजर ठेवावी ती अशा पतंगांसाठीच.

२०१७ मध्ये इंडोनेशियातल्या एका चित्रफितीमुळे हा पतंग ‘परग्रहावरचा जीव’ म्हणून जगभर फिरला. पोटाच्या टोकातून चार केसाळ नळ्या बाहेर आलेल्या, प्रत्येक नळी पोटाहून लांब. हे नराचे गंधावयव, म्हणजे कोरेमाटा. एरवी पोटात दडलेले हे अत्तराचे फाये नर संध्याकाळी फुगवून बाहेर काढतो. त्या गंधावर माद्या येतातच, पण इतर नरही जमतात.

खरे नवल चित्रफितीत दिसत नाही. जर्मनीतले डीट्रिश श्नायडर, मिखाएल बोप्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले, की या नळ्यांची लांबी अळीच्या जेवणावर ठरते. पायरोलिझिडीन अल्कलॉइड भरपूर मिळाले तर नळ्या भल्यामोठ्या होतात. अजिबात मिळाले नाही तर नर अंगापिंडाने नेहमीसारखाच वाढतो, पण नळ्या खुरटतात आणि गंधही तयार होत नाही. वनस्पतीने स्वसंरक्षणासाठी बनवलेले विष इथे एका अवयवाची वाढ ठरवते. कीटकाच्या स्पर्शिकेला जाणवणारा गंध विजेच्या स्पंदनांत मोजण्याची पद्धत १९५७ मध्ये काढली तीही याच श्नायडरनी. चित्रफीत पाहणाऱ्या लाखोंपैकी फार थोड्यांनी त्यांचे नाव ऐकले असेल.

ही अल्कलॉइडे आपल्याकडच्या खुळखुळ्यात असतात. पिवळ्या फुलांचे हे झुडूप खाल्ले तर गुरांच्या यकृताला इजा होते. ब्लू टायगर फुलपाखरांचे नर मात्र त्याच्या सुकल्या फांद्यांवर झुंबड करतात, तेही याच रसायनासाठी. क्रिएटोनोटसची अळी खाण्यात चोखंदळ नाही. भात, भुईमूग, रताळे, काहीही चालते, मग त्यात अल्कलॉइड असो वा नसो. त्यामुळे शेजारशेजारी वाढलेल्या दोन नरांच्या नळ्यांतही मोठा फरक पडू शकतो.

तेव्हा शेपट्या दिसल्या नाहीत म्हणून ती मादीच, असे लगेच ठरवू नये. हा पतंग चावत नाही, डंखही मारत नाही. जिन्यात दिसला तर झाडू न उचलता दिवा मालवावा, तो आपला निघून जातो.