विश्लेषण : सगळेच चढाईला गेले तर पकड कोण करणार? फोनवरच्या 'आरपीजी'त पात्र आणि पार्टी अशी घडवा

नांदगाव पेठच्या एमआयडीसीतून शिफ्ट सुटली, की अमरावतीच्या वाटेवर गाडीत बसल्या बसल्या अनेकांचा अंगठा स्क्रीनवर चालू होतो. फोनवरचा गेम म्हटले की आपल्याकडे बीजीएमआय किंवा फ्री फायरच आठवते. तिथे नजर आणि अंगठा ज्याचा वेगवान, तो जिंकतो. 'आरपीजी' म्हणजे रोल-प्लेइंग गेमची गोष्ट वेगळी. यात लढाई सुरू होण्याआधीच ती अर्धी जिंकलेली किंवा हरलेली असते. पात्राला कोणते गुण दिले आणि सोबत कोणाला घेतले, यावर सगळे ठरते. गेममध्ये नवे आलेले पोट्टे इथेच फसतात आणि मग पैसे टाकून ती चूक भरून काढायला बघतात.

बिल्ड म्हणजे नेमके काय?

या खेळांचे मूळ संगणकात नाही, कागदावर आहे. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकून खेळायचा खेळ काढला. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याची हातोटी असे सहा गुण. त्यावर योद्धा, जादूगार, पुरोहित, चोर असे पेशे. आजच्या बहुतेक आरपीजी याच सांगाड्यावर उभ्या आहेत. हे गुण, पेसा, शस्त्र आणि मंत्र यांची जी जुळणी तुम्ही करता, ती तुमची बिल्ड.

तो सांगाडा जवळपास जसाच्या तसा बघायचा असेल तर 'बाल्डर्स गेट' खेळावा. मूळ खेळ 1998 चा. त्याची सुधारित आवृत्ती 2014 पासून अँड्रॉइडवरही आहे. एकदा विकत घ्यायचा आणि नेट नसले तरी खेळायचा. रेंज येते-जाते अशा ठिकाणी राहणाऱ्यांसाठी ही लहान गोष्ट नाही.

यात सुरुवातीला फासे पडतात आणि मिळालेले गुण तुम्ही वाटून घेता. इथे पहिला मोह होतो सगळे थोडे थोडे वाटण्याचा. सगळ्यात बरा पण कशातच तरबेज नाही, असे पात्र तयार होते आणि पहिल्याच लांडग्यासमोर पडते. दुसरी खोच जरा आतली आहे. काटकपणा 16 च्या पुढे नेला तर प्रत्येक पातळीला जास्तीचे प्राण मिळतात, पण ते फक्त लढवय्या पेशांना. जादूगाराने 18 ठेवले तरी त्याला 16 एवढाच लाभ. ते दोन गुण दुसरीकडे लावायला हवे होते.

मग योद्ध्याची बुद्धी 3 वर ठेवून सगळे ताकदीत घालायचे का? पहिल्या भागात ते खपून जाते. दुसऱ्या भागात मात्र माइंड फ्लेअर नावाचे प्राणी भेटतात. त्यांच्या प्रत्येक फटक्याला 5 बुद्धी कमी होते आणि बुद्धी शून्यावर आली की पात्र मरते. प्राण शंभर असोत, 3 बुद्धीचा पहिलवान एका फटक्यात आडवा.

सहा जण, पण कोण कोण?

बाल्डर्स गेटमध्ये पार्टी जास्तीत जास्त सहा जणांची. आपल्या भागाला ही गोष्ट शिकवायची गरज नसावी. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे कबड्डी दाखवून आलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अमरावतीचेच. सातही जण चढाईपटू घेतले तर कोपरा कोण सांभाळणार, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळते. तोच हिशेब इथे. दोन मजबूत योद्धे पुढे, जखमा भरणारा पुरोहित मधे, सापळे आणि कुलपे बघणारा चोर, मागे जादूगार आणि धनुर्धारी. पहिल्या भागात धनुष्याला कमी लेखू नका. एका फेरीत त्याचे दोन बाण सुटतात, तेव्हा सुरुवातीचा तलवारवाला एकच वार करत असतो.

माणसे कमी घेण्यातही अर्थ आहे, कारण मारलेल्या शत्रूचा अनुभव पार्टीत वाटला जातो. तिघांची पार्टी सहांपेक्षा लवकर वर चढते. पण नवख्याने सहाच घ्यावेत. चूक झाकायला माणसे लागतात.

खेळ सुरू होऊन थोडाच वेळ झालेला असतो आणि फ्रेंडली आर्म नावाच्या सराईच्या पायऱ्यांवर टार्नेश नावाचा जादूगार उभा असतो. गोड बोलतो, ओळख विचारतो आणि मारायला उठतो. कित्येक खेळाडूंचा पहिला डाव इथेच संपला आहे. तो आधी स्वतःची प्रतिबिंबे उभी करतो, मग भीतीचा मंत्र टाकतो. तुमची माणसे सैरावैरा पळतात आणि तो एकेकाला टिपतो. मुख्य पात्र मेले की खेळ खलास.

यावर उपाय म्हणजे जास्त ताकद नव्हे. मंत्र म्हणत असताना जादूगाराला इजा झाली की मंत्र फुकट जातो, हा नियम माहीत असणे. बोलणे संपताच खेळ थांबवायचा (या खेळात लढाई कधीही थांबवून प्रत्येकाला हुकूम देता येतो), इमोएन या सोबतिणीच्या हातातल्या जादूच्या कांडीने मारा करायचा, बाकीच्यांनी बाण सोडायचे. पहिला मंत्र मोडला की उरतो एक नाजूक झगेवाला. आपला जादूगारही तसाच नाजूक असतो. पहिल्या पातळीला, काटकपणाचा लाभ सोडला तर, त्याला जास्तीत जास्त 4 प्राण. पण त्याच्याकडचा झोपेचा एक मंत्र दुबळ्या शत्रूंची अख्खी टोळी आडवी करतो. म्हणून तो हवा.

फुकटच्या खेळात काय बदलते?

'गेनशिन इम्पॅक्ट' 2020 मध्ये आला. तो फुकट आहे, देखणा आहे आणि फोनची बरीच जागा खातो. पार्टी चौघांची, पण मैदानात एका वेळी एकच. इथे पेशापेक्षा तत्त्वांचा मेळ महत्त्वाचा. आगीने भिजलेल्या शत्रूवर पाण्याचा मारा केला तर तो फटका दुप्पट. उलट क्रमाने, म्हणजे पाण्यावर आग, तर दीडपट. नुसता क्रम बदलला तरी एवढा फरक पडतो.

तसाच हिशेब क्रिटिकलचा. 1 टक्का क्रिटिकल शक्यता ही 2 टक्के क्रिटिकल इजेच्या तोलाची धरली जाते. आता एकाने शक्यता 20 आणि इजा 160 ठेवली, दुसऱ्याने 50 आणि 100. खर्च सारखाच. पहिल्याची सरासरी वाढ 32 टक्के, दुसऱ्याची 50. मोठा आकडा डोळ्यांत भरतो, पण काम समतोल करतो.

खरी मेख पात्र मिळवण्यात आहे. पंचतारांकित पात्र निघण्याची मूळ शक्यता प्रत्येक खेचीला 0.6 टक्के. म्हणजे 70 वेळा खेचूनही दर तिघांतले जवळपास दोघे रिकामे राहतात. 90 व्या खेचीला एक पंचतारांकित पात्र नक्की मिळते, पण ते तुम्हाला हवे तेच असेल असे नाही. नशीब अगदीच वाईट असेल तर मर्यादित काळाच्या पात्रासाठी 180 खेची. एका खेचीला 160 प्रिमोजेम, म्हणजे एकूण 28,800. खेळून ते साठायला महिने लागतात. दुकानात मात्र ते लगेच मिळतात.

आमचे मत स्पष्ट आहे : ही खरेदी बहुतेकांना लागतच नाही. श्यांगलिंग हे आगीचे पात्र स्पायरल अबिसचा तिसरा मजला पार केला की फुकट मिळते. तिच्यासोबत बेनेट आणि पाण्याचा शिंगच्यू हे चौतारांकित असले की ते त्रिकूट भल्याभल्या महागड्या पार्ट्यांच्या तोडीचे ठरते. सामान जमवायला लागणारी 'रेझिन' दर 8 मिनिटांना एक भरते आणि 200 ला थांबते. म्हणजे भरायला 26 तास 40 मिनिटे. दिवसातून एकदा डोकावले तरी काही वाया जात नाही. रात्रपाळीत जागून बघायची गरज नाही.

कायदा काय म्हणतो?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. गेनशिनसारख्या खेळात पैसे जातात, पण जिंकून परत काही येत नाही, त्यामुळे तो त्या व्याख्येत बसत नाही. लगाम घरातच घालावा लागतो. फोन मुलांच्या हाती जात असेल तर प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारून सेटिंग उघडावी आणि प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल असा पर्याय निवडावा. यूपीआयचा पिन पोरांना पाठ असेल तर तोही त्याच दिवशी बदलावा.